ताई, तुमचा आवाज येत नाहीये

आमच्या बचत गटातली एक जण गेल्या पावसाळ्यात सकाळी सकाळी माझ्या दारात उभी. हातात मोबाइल, दुसऱ्या हातात इअरबड्सची ती पांढरी डबी. डोळे सुजलेले. मला वाटलं, घरात काही झालं. तर म्हणाली, "वहिनी, काल मी सगळं बोलले हो. पाच मिनिटं बोलले. कुणाला ऐकूच गेलं नाही."

झालं होतं असं. तिच्या गटाला पापडाचं मशीन घ्यायचं आहे. कर्जासाठी अर्ज केला होता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साहेबांनी सात-आठ गटांची एकत्र बैठक व्हिडिओ कॉलवर ठेवली, म्हणजे बायकांना एसटीचे हेलपाटे नकोत. चांगलाच विचार होता त्यांचा. प्रत्येक गटातून एकीने पाच मिनिटं बोलायचं. हिने आठवडाभर तयारी केली. उडदाचा भाव, महिन्याला किती किलो खपतात, हाताने किती होतात, मशीनवर किती होतील, सगळं वहीत लिहून पाठ केलं. घर दोन खोल्यांचं. बाहेर सासऱ्यांचा टीव्ही, आत पोरांचा दंगा. शिवाय कर्जाचं बोलणं सगळ्या घरानं ऐकावं असं तिला वाटत नव्हतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मुलाचे जुने इअरबड्स कानात घातले आणि ओट्याशी स्टुलावर बसली.

तिची पाळी आली. तिला साहेबांचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ती बोलायला लागली. पडद्यावर साहेब वाट बघतायत, बाकीच्या बायका बघतायत. ही आपली बोलतेय. तिकडून आवाज आला, "ताई बोलत नाहीयेत का? लाजतायत बहुतेक. चला, पुढे घेऊ." आणि पुढे घेतलं. ही ओरडून सांगतेय, "मी बोलतेय हो, मी बोलतेय," आणि तिकडे पुढच्या गावची बाई सुरूही झाली. संध्याकाळी नवरा म्हणाला, "तुला कशाला ते नसते उद्योग? जमत नाही तर."

मैत्रिणींनो, मला त्या नवऱ्याचा राग आला, पण त्याहून जास्त "लाजतायत बहुतेक" याचा आला. एखाद्या पुरुषाचे ओठ हलतायत आणि आवाज येत नाही असं झालं, तर चार जण लगेच ओरडतात, "सर, तुमचा माइक बघा!" बाईच्या बाबतीत कुणाला त्यात काही बिघडलंय असं वाटतच नाही. गप्प बसलेली बाई सगळ्यांच्या इतकी सवयीची आहे, की माइक बंद आहे की बाईच गप्प आहे हे कुणी तपासत नाही.

असो. राग बाजूला ठेवून आम्ही दोघी बसलो. आणि इथून पुढे जे झालं ते सविस्तर सांगते, कारण त्यात माझीही फजिती आहे.

कुकरची शिट्टी होत नसेल तर आपण काय करतो? कुकर फेकून देत नाही. रिंग बघतो, झाकण नीट बसलंय का बघतो, शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलंय का बघतो. एकेक करून. पण मोबाइलचं काही बिघडलं की आपली बुद्धी पदराला गाठ मारून ठेवल्यासारखी होते, आणि आपण मुलाची किंवा भाच्याची वाट बघत बसतो. मी बी.ए. झालेली बाई, पण मीही त्या दिवशी तेच केलं. आधी इअरबड्स चार्ज केले. मग ब्लूटूथमधून त्यांचं नाव काढून टाकलं आणि परत जोडलं. मग जुना दात घासायचा ब्रश घेऊन पुसले. मग मोबाइल बंद करून चालू केला. दीड तास गेला. बैठकीचं ते ॲप उघडून माझ्या फोनवर कॉल लावला, की आवाज नाहीच.

शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या भाचीला फोन लावला. तिने एकच विचारलं, "मावशी, बड्स डबीत ठेवून, नुसत्या मोबाइलवर तोच कॉल करून बघितलास का?"

नव्हता बघितला. बघितला. तरीही आवाज गेला नाही!

म्हणजे इअरबड्सचा बिचाऱ्यांचा दोषच नव्हता. मग तेच इअरबड्स कानात घालून साधा व्हॉट्सॲप कॉल केला, तर आवाज जातोय. तेव्हा भाची म्हणाली, "हं, मग त्या ॲपला माइकची परवानगी नाहीये." आणि खरंच. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये, ॲप्समध्ये, त्या ॲपच्या नावावर जाऊन परमिशन बघितल्या, तर मायक्रोफोनसमोर नकार. ॲप आदल्याच दिवशी घेतलं होतं. उघडल्यावर त्याने विचारलं असणार, माइक वापरू का? हिने "नको" दाबलं. परत विचारलं, परत "नको". दोनदा नकार दिला की हल्लीचे अँड्रॉइड फोन तिसऱ्यांदा विचारतही नाहीत, गप्प बसतात.

आणि तिने "नको" का दाबलं? कारण महिन्याभरापूर्वी आमच्या मंडळात सायबर फसवणुकीवर कार्यक्रम झाला होता, आणि त्यात एक बाई हातात माइक घेऊन ठणकावून सांगत होत्या, "मोबाइलने काहीही परवानगी मागितली तर देऊ नका!" त्या बाई म्हणजे मीच. अर्धवट शिकवलं की असं होतं. विजेऱ्याच्या ॲपने तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागितली तर नको म्हणायचं, पण बोलायच्या ॲपने माइक मागितला तर तो द्यावाच लागतो, हा फरक मी सांगितलाच नव्हता. परवानगी देताना "ॲप वापरत असतानाच" असा पर्याय असतो, तो निवडायचा. आणि 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून पुढच्या फोनमध्ये कुठलंही ॲप माइक वापरत असलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनवर माइकसाठी केशरी ठिपका दिसतो. बोलत नसताना ती खूण दिसली तर मात्र कान टवकारायचे. याच फोनमध्ये वरून खाली ओढायच्या पट्टीत माइक पूर्ण बंद करायचं बटणही असू शकतं. चुकून ते दाबलं गेलं तर कुठल्याच ॲपमध्ये आवाज जात नाही.

तर भाचीचा तो एक प्रश्न मी आता गाठीला बांधून ठेवलाय. दोष कुठे आहे हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही. बड्स काढून तोच कॉल, आणि बड्स घालून दुसरा कॉल. एवढ्यावर कळतं की दुखणं कानातल्या डबीचं आहे, ॲपचं आहे की फोनचं. एक सावध करते. मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगच्या ॲपवर तपासू नका. बड्स कानात असले तरी बरेचदा ते फोनच्याच माइकवरून आवाज घेतं आणि आपण उगाच निर्धास्त होतो. जावेला नाहीतर मैत्रिणीला खराखुरा कॉल लावा.

परवानगी दिल्यावर तिचा आवाज आला खरा, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. म्हणजे दुखणी दोन होती! हे दुसरं मात्र खरोखरच बड्सचं.

हे माइक म्हणजे सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. दांडी असलेल्या बड्समध्ये बहुतेक दांडीच्या खालच्या टोकाला, बिनदांडीच्यांत बाहेरच्या अंगाला. त्यावर बारीक जाळी असते. आपण बायका डोक्याला तेल लावणार, त्याच हातांनी बड्स घालणार. त्या जाळीवर तेल, धूळ, कानातला मळ यांचा थर बसतो. आपल्याला दिसतही नाही. मी सकाळी ब्रश फिरवला होता तो कानात जाणाऱ्या रबरी टोकावर. माइकचं भोक कुठलं हेच मला माहीत नव्हतं! उजेडात धरून ते शोधलं, कोरड्या मऊ ब्रशने, भोक खाली धरून, हलक्या हाताने झाडलं. पाणी नाही, स्पिरिट ओतायचं नाही, आणि सुई किंवा टाचणी तर अजिबात घालायची नाही. जाळी फाटली की संपलं. डबीच्या आतले ते पितळी ठिपकेही कोरड्या फडक्याने पुसले, कारण त्यांच्यावर घाण बसली की एका बाजूचा बड चार्जच होत नाही, आणि आपल्याला वाटतं दोन्ही चालू आहेत.

याच्या जोडीला आपले दागिने आणि केस आहेतच. झुबे, वेल, मोकळे केस, डोक्यावरून घेतलेला पदर हे माइकच्या भोकावर घासले की पलीकडच्याला खरखर ऐकू जाते आणि ती आपल्याला अजिबात कळत नाही. आणि पदर सावरताना बडला बोट लागलं तर कॉल बंदसुद्धा होतो, कारण त्यावर स्पर्शाचं बटण असतं. एकीचा फोन दर दोन मिनिटांनी बंद व्हायचा, ती म्हणायची नेटवर्क नाही. नेटवर्क बिचारं होतं. तिला बट कानामागे सारायची सवय होती.

डोक्यावर पंखा पाचवर असेल तर तो वारा माइकवर आदळतो. जोरात बोलून उपयोग नसतो, पंखा कमी करायचा.

आता एक गोष्ट, जी मला भाचीने समजावली तेव्हा फार पटली. याच बड्समध्ये गाणं किती गोड ऐकू येतं, आणि कॉल लागला की तेच बड्स जुन्या लँडलाइनसारखे का होतात? तर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, फोनकडून कानाकडे. सगळा रस्ता त्याचाच. बोलायला लागलो की त्याच अरुंद रस्त्यावरून आपला आवाज उलट दिशेनेही न्यावा लागतो, मग दोघांनाही अंग चोरून जावं लागतं. ब्लूटूथमध्ये याच्या दोन वेगळ्या पद्धतीच आहेत, एक ऐकण्याची आणि एक बोलण्याची, आणि माइक सुरू झाला की फोन दुसऱ्या पद्धतीवर जातो. म्हणजे कॉलमध्ये आवाज थोडा उतरला तर बड्स बिघडले असं समजून नवे घ्यायला धावू नका. 2020 मध्ये एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत जाहीर झाली, तिच्यात हे सुधारलंय. पण त्यासाठी फोन आणि बड्स दोन्ही त्या पद्धतीचे लागतात, आणि आपल्या घरी मुलांनी वापरून सोडलेल्या वस्तू येतात, तेव्हा तो विषय राहू द्या.

लॅपटॉपवर मात्र एक सोपी युक्ती आहे. बैठकीच्या ॲपमध्ये आवाजाच्या सेटिंगला गेलं की माइक कुठला आणि स्पीकर कुठला, हे वेगवेगळं निवडता येतं. स्पीकरला इअरबड्स ठेवायचे आणि माइकला लॅपटॉपचा स्वतःचा माइक. ऐकणं खासगी राहतं, आवाजही चांगला येतो आणि आपलं बोलणं स्पष्ट जातं. अनेकींची अडचण इथेच असते, की ॲपने तिसराच माइक धरून ठेवलेला असतो आणि आपण बडला दोष देत बसतो.

फोनच्या सेटिंगमध्येही एक छुपी गोम आहे. ब्लूटूथमध्ये बड्सच्या नावासमोरच्या चाकावर दाबलं की "कॉल्स" आणि "मीडिया" अशी दोन बटणं बऱ्याच फोनमध्ये दिसतात. कॉल्सचं बटण बंद असेल तर गाणी वाजतील, बोलणं होणार नाही. आणि ज्या घरात एकच जोडी चार जण वापरतात, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच घरात, तिथे डबी उघडली की बड्स शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या फोनला जाऊन चिकटतात. आपण वाट बघतोय आपल्या फोनवर. त्या वेळी मुलाच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायचं, एवढंच.

वाटून घेण्यावरून आठवलं. आमच्या सासूबाई नणंदेशी व्हिडिओ कॉलवर बोलायच्या तेव्हा एक बड त्यांच्या कानात आणि एक माझ्या. नणंद परदेशात. ती दर वेळी म्हणायची, "आई बोलत का नाही? रागावलीय का माझ्यावर?" आणि इकडे आई भडाभडा बोलतायत. बऱ्याच बड्समध्ये एका वेळी एकाच बाजूचा माइक काम करतो, आणि तो माझ्या कानातला होता! चार महिने त्या मायलेकींत हा गैरसमज. शेवटी दोन्ही बड्स काढून फोन स्पीकरवर टाकला, तेव्हा कुठे उलगडा झाला. सासूबाई मला म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुझंच ऐकू जात होतं होय!" काय उत्तर देणार?

गाण्याच्या शिकवणीचं दुखणं अजून निराळं. शेजारच्या काकूंची नात ऑनलाइन गाणं शिकते. तिच्या बाईंना तानपुरा ऐकूच यायचा नाही, आणि लांब आकार लावला की मध्येच तुटायचा. कारण ही ॲप्स आणि बड्स मागचा गोंगाट काढून टाकायला बनवलेली असतात. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि एकसारखा चालणारा आवाज काढायचा. आता तानपुरा म्हणजे त्यांच्या लेखी मिक्सरच! झूमवर लॅपटॉपवरून शिकत असाल तर "ओरिजिनल साउंड" नावाची सोय सुरू करा, आणि गाण्यासाठी तरी वायरीचे इअरफोन वापरा.

खरं सांगू का, वायरीच्या इअरफोनची मी आता पक्की बाजू घेणारी झालेय. दोन-अडीचशे रुपयांत माइकसह मिळतात. चार्जिंग नको, जोडणी नको, दुसऱ्याच्या फोनला चिकटणं नाही. माइक ओठांपासून वीतभर अंतरावर असतो, कानापाशी नाही. नव्या फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचे मिळतात, घेण्याआधी आपला फोन दुकानात नेऊन लावून बघायचा. महत्त्वाचा कॉल असेल, मुलाखत, डॉक्टर, कर्ज, कोर्टकचेरीचं काही, तर वायरीचे शेजारी काढून ठेवा. दिसायला जुनाट दिसतील, दिसू देत.

बड्स वॉरंटीत असतील तर बिल जपून ठेवा आणि दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पण कंपनीचा नंबर गुगलवर शोधून लगेच फोन करू नका. खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात. "मॅडम, बड्स दुरुस्त करतो, फक्त हे ॲप घ्या" असं म्हणून तुमचा पडदा त्यांना दिसेल असं ॲप घ्यायला लावतात आणि बँकेचं खातं रिकामं करतात. नंबर डबीच्या खोक्यावरचा किंवा बिलावरचा घ्यायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930. ही परवानगी मात्र कधीच द्यायची नाही, हे मी या वेळी नीट फोड करून सांगतेय.

आता दोन शब्द बैठका घेणाऱ्यांसाठी. सरकारी असोत, बँकेतले असोत की आमच्यासारखे संस्थांचे. बैठक दहा मिनिटं आधी उघडा आणि प्रत्येकीला नावाने हाक मारून "आवाज येतोय का" विचारा. एखादीचा आवाज आला नाही तर तिला शेवटी परत संधी द्या, किंवा साधा फोन लावून तिचं बोलणं ऐका. एक फोन नंबर आधीच कळवून ठेवा. यात एक पैसा लागत नाही. एसटीने आलेली बाई दारात उशिरा पोचली असती तर तिला आत घेतलंच असतं ना? मग माइकमुळे अडलेली बाई बाहेर का राहावी?

आणि घरातल्यांसाठीही एक. मुलगा नवा फोन घेतो, जुना आईकडे येतो. नवे बड्स घेतो, अर्धी बॅटरी मेलेले आईकडे येतात. दोन-तीन वर्षं वापरलेल्या बड्सची बॅटरी उतरलेली असते आणि ती बदलूनही सहसा मिळत नाही. तेच घेऊन आई महत्त्वाच्या कॉलला बसते, बंद पडले की "तुला वापरता येत नाही." वस्तू देताना तिच्या खोड्या सांगून द्याव्यात, एवढी तरी रीत असू दे.

आमच्या त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, विचाराल. मी साहेबांना फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात तिला एकटीला पंधरा मिनिटं दिली. या वेळी तिने वायरीचे इअरफोन घेतले होते. केस बांधलेले, पंखा बंद, सासऱ्यांना मंदिरात पाठवलेलं. मी मुद्दाम दाराशी बसले होते. पहिलं वाक्य म्हणाली, "साहेब, आधी आवाज येतोय का सांगा, मग मी बोलते." मग वही न उघडता सगळे आकडे सांगितले. साहेबांनी मशीनच्या विजेचा खर्च विचारला, तोही तिला माहीत होता. फाइल आता बँकेत गेलीय, निर्णय व्हायचाय.

मध्येच एक गंमत झाली. ती व्याजाचा हप्ता कसा फेडणार ते सांगत होती आणि मागे कुकरने शिट्टी दिली. साहेब दचकले. ही शांतपणे म्हणाली, "दुसरी झाली, अजून एक होऊ दे," आणि हप्त्याचा हिशेब पुढे सुरू केला.